लिटल इटली: येणारे थांबले, राहणारे निघाले

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण भागात मलबेरी स्ट्रीट नावाचा एक अरुंद रस्ता आहे. कनाल स्ट्रीट ओलांडून त्यात शिरलं की डोक्यावर हिरव्या-पांढऱ्या-लाल रंगांच्या झालरी दिसतात, फुटपाथवर टेबलं मांडलेली असतात आणि रेस्टॉरंटांच्या दारांत मेन्यूकार्ड घेतलेली माणसं गिऱ्हाइकाला आत बोलावत असतात. ही न्यूयॉर्कची लिटल इटली. पर्यटकांच्या नकाशात तिला ठळक जागा आहे. जनगणनेच्या कागदांत मात्र ती जवळजवळ सापडत नाही.

१९५० साली या वस्तीच्या मध्यभागात दहा हजारांहून थोडी जास्त माणसं राहत होती. त्यांतली निम्म्याच्या आसपास इटालियन वंशाची होती आणि २,१४९ जणांचा जन्म इटलीत झालेला होता. २००० साली इटलीत जन्मलेले ४४ जण उरले. त्यानंतरच्या दशकात जनगणना खात्याने नमुना सर्वेक्षण केलं, तेव्हा इटालियन वंशाचे रहिवासी शेकडा पाच निघाले आणि इटलीत जन्मलेला एकही माणूस नमुन्यात मिळाला नाही.

असं का झालं, याची तीन उत्तरं लोकांच्या तोंडी असतात. चायनाटाऊनने वस्ती गिळली, भाडी वाढली आणि तरुण पिढीने पाठ फिरवली. तिन्हींत तथ्य आहे, पण गोष्ट त्याआधीच सुरू झालेली होती. स्थलांतरितांची वस्ती दोन गोष्टींवर तग धरते: नवी माणसं येत राहणं आणि जुनी माणसं टिकून राहणं. लिटल इटलीत पहिली गोष्ट १९२४ साली थांबली, दुसरी दुसऱ्या महायुद्धानंतर. चिनी दुकानं, पर्यटक आणि भाडेवाढ आली ती आधीच रिकाम्या होत चाललेल्या घरांत.

गावंच्या गावं एका रस्त्यावर

१८६१ साली इटली एक राष्ट्र झालं, पण दक्षिणेतल्या शेतमजुराच्या पदरात त्यातून फारसं काही पडलं नाही. जमीन मूठभरांच्या हातात होती, करांचा बोजा जड होता, मलेरिया पाचवीला पुजलेला होता. त्यातच द्राक्षवेलींवर रोग पडला. सिसिली, कॅलाब्रिया, नेपल्सभोवतीचा कंपानिया, बाझिलिकाता या भागांतून माणसांचे लोंढे निघाले. १८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत उतरले. १९०७ या एकाच वर्षातला आकडा २ लाख ८५ हजारांच्या वर होता.

सुरुवातीला येणारे बहुतेक पुरुष होते आणि त्यांतल्या अनेकांचा मुळी राहण्याचा विचारच नव्हता. चार पैसे गाठीला बांधायचे आणि गावी जाऊन जमिनीचा तुकडा घ्यायचा, हा बेत. बरेच जण खरोखरच परतलेही. जे राहिले त्यांना काम मिळवून देणारा मुकादम, म्हणजे ‘पद्रोने’, बहुधा त्यांच्याच मुलखातला असायचा. तो बोटीच्या तिकिटाला उचल द्यायचा, कामावर लावायचा आणि मजुरीतून स्वतःचं वसूल करून घ्यायचा. न्यूयॉर्कचा पहिला भुयारी रेल्वेमार्ग १९०४ साली सुरू झाला. त्याच्या खोदाईत इटालियन हातांचा वाटा मोठा होता.

हे लोक राहायला आले ते शहरातल्या सर्वांत बदनाम भागात. मलबेरी स्ट्रीटला एक वळण होतं, मलबेरी बेंड. आधी तिथे आयरिश राहत, मग इटालियन आले. पोलिसांच्या बातम्या देणारा पत्रकार जेकब रीस १८८० च्या दशकाअखेर फ्लॅशचा कॅमेरा घेऊन या गल्ल्यांत हिंडला. १८९० साली त्याचं ‘हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक आलं आणि बेंडची कीर्ती देशभर झाली. पुढे शहराने ते वळणच पाडलं आणि १८९७ साली तिथे बाग उघडली. १९११ मध्ये तिला कोलंबसचं नाव मिळालं. वस्तीच्या इतिहासातली ही पहिली पाडापाडी.

बाहेरच्याला सगळे ‘इटालियन’ एकसारखे दिसत. आतली व्यवस्था वेगळी होती. मलबेरी स्ट्रीटवर नेपल्सकडचे, एलिझाबेथ स्ट्रीटवर सिसिलीचे, मॉट स्ट्रीटवर कॅलाब्रियाचे, बॅक्स्टर स्ट्रीटवर आधी आलेले जेनोव्हाचे, अशी ढोबळ वाटणी होती. सिसिलीच्या माणसाची बोली नेपल्सच्या माणसाला धड कळत नसे. लग्नं शक्यतो आपल्या मुलखातच जमत. प्रत्येक गावाचं आपलं मंडळ आणि आपला संत. मंडळाची वर्गणी भरली की आजारपणात मदत आणि मेल्यावर मातीची सोय. मलबेरी आणि ग्रँड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर बांका स्टाबिले ही पेढी होती. पैसे गावी पाठवणं, बोटीची तिकिटं काढणं, परक्या देशातली कागदपत्रं समजावून देणं, ही सगळी कामं त्या एका काउंटरवर होत.

घरं कशी होती, तेही पाहायला हवं, कारण पुढे माणसं का निघून गेली याचं अर्धं उत्तर घरांतच आहे. टेनेमेंट म्हणजे आपल्या चाळीची न्यूयॉर्कमधली चुलतबहीण. जागेचा तुकडा पंचवीस फूट रुंद आणि शंभर फूट खोल. त्यावर पाच-सहा मजले, मजल्यावर चार बिऱ्हाडं. १८७९ च्या कायद्याने मधल्या खोल्यांना खिडकी सक्तीची केली, म्हणून बिल्डरांनी दोन इमारतींच्या मध्ये चिंचोळा झरोका सोडला. त्यातून हवा थोडी यायची आणि शेजारचा आवाज आणि वास मात्र पुरेपूर. भाडेकरू वरून त्यातच कचरा टाकत. संडास मजल्यावर सामाईक. नंतरच्या काळात बाथटब आला तो स्वयंपाकघरात. त्याच्यावर फळी टाकली की ओटा, फळी काढली की मोरी. अशा घरात आईबाप, मुलं आणि वर एक-दोन पोटभाडेकरू. बायका आणि पोरी टेबलाभोवती बसून कापडाची फुलं करत, नाहीतर कारखान्यातून आलेल्या कपड्यांना हातशिलाई घालत.

देवळाच्या बाबतीतही उपेक्षा होती. न्यूयॉर्कच्या कॅथलिक चर्चची सूत्रं आयरिश मंडळींच्या हाती होती आणि इटालियनांची प्रार्थना अनेक ठिकाणी तळघरात व्हायची. संताची मूर्ती खांद्यावर घेऊन रस्त्यावर मिरवणं, तिला नोटा टाचणं, बँड लावणं हे धर्मगुरूंना गावंढळ वाटे. तरीही मिरवणुका निघत राहिल्या. १९२६ च्या सप्टेंबरमध्ये मलबेरी स्ट्रीटवरच्या नेपल्सकरांनी आपल्या सान जेन्नारोचा उत्सव सुरू केला. तो आजही भरतो, आता अकरा दिवस.

३,८४५

उत्सव सुरू झाला तेव्हा वस्तीचा झरा आटून दोन वर्षं झाली होती. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत स्थलांतरितांविरुद्ध हवा तापली. दक्षिण आणि पूर्व युरोपातली माणसं हलक्या वंशाची आहेत, असं विद्वान म्हणवणारेही उघड लिहीत. १९२१ च्या कायद्याने इटलीला वर्षाला ४२ हजारांच्या आसपास माणसांची मर्यादा घातली. तीही जास्त वाटली. १९२४ च्या कायद्यात हिशेबाला मुद्दाम १८९० ची जनगणना धरली, कारण त्या वर्षी अमेरिकेत इटालियन थोडे होते. त्यांच्या संख्येच्या दोन टक्के म्हणून इटलीच्या वाट्याला आलेला आकडा होता वर्षाला ३,८४५. महायुद्धाआधी काही वर्षं एवढी माणसं आठवडाभरात उतरत होती.

याचा परिणाम लगेच दिसला नाही. शहरात इटालियन भरपूर होते. १९३० मध्ये पहिली आणि दुसरी पिढी मिळून ही संख्या दहा लाखांवर गेली होती. पण मलबेरी स्ट्रीटवरची खोली रिकामी झाली की तिच्यात उतरायला गावाकडून नवा माणूस येईना. मंडळांना नवे सभासद मिळेनात. बोटीची तिकिटं विकणाऱ्या पेढ्यांना गिऱ्हाईक उरेना. बांका स्टाबिलेने १९३२ मध्ये कारभार आटोपला. मुलं इंग्रजी शाळेत जात होती आणि घरी बोली बोलणारी आजी एकटी पडत होती. वस्ती भरलेली होती, पण म्हातारी होऊ लागली होती.

पूल, मोटार आणि हप्त्यावरचं घर

दुसऱ्या महायुद्धात इटली शत्रूच्या गोटात गेली. अमेरिकेचं नागरिकत्व न घेतलेल्या सुमारे सहा लाख इटालियनांवर ‘शत्रुराष्ट्राचे परकीय’ असा शिक्का बसला. तो १९४२ च्या कोलंबस दिनी, १२ ऑक्टोबरला, पुसला गेला. त्याच वेळी त्यांची मुलं अमेरिकेच्या गणवेशात लढत होती. ती परतली तेव्हा १९४४ चा जी. आय. बिल त्यांच्या हाती होता. त्यात शिक्षणाचा खर्च होता आणि सरकारी हमीवर घरासाठी कर्ज होतं.

हे कर्ज कुठे वापरायचं, हेही जवळजवळ ठरलेलं होतं. १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले होते. जुन्या, दाट, स्थलांतरितांच्या वस्त्यांना लाल रंग दिला होता, म्हणजे तिथे कर्ज देणं धोक्याचं. टेनेमेंट दुरुस्त करायला पैसा मिळणं कठीण आणि लाँग आयलंडवर नवं घर घ्यायला सोपं. १९४७ पासून तिथे लेव्हिटटाऊन उभं राहत होतं. बाथटब स्वयंपाकघरात असलेल्या घरातून निघून अंगण आणि गॅरेज असलेल्या घरात जाणाऱ्या जोडप्याला दोष कोण देणार? मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. हा दरवाजा इटालियनांना उघडला तेव्हा कृष्णवर्णीयांना तो बंद होता. लेव्हिटटाऊनच्या करारांत तसं लिहिलेलंच होतं. आजोबांना हलक्या वंशाचं म्हणणाऱ्या देशाने नातवाला ‘गोरा’ म्हणून आत घेतलं आणि त्याच वेळी दुसऱ्याला बाहेर ठेवलं.

नोव्हेंबर १९६४ मध्ये ब्रुकलिन आणि स्टेटन आयलंड जोडणारा प्रचंड झुलता पूल खुला झाला. त्याला नाव मिळालं जोव्हान्नी दा वेराझ्झानो या इटालियन दर्यावर्दीचं. १९६० साली स्टेटन आयलंडची लोकसंख्या २ लाख २२ हजार होती, १९८० मध्ये ती साडेतीन लाखांवर गेली. नव्या रहिवाशांत ब्रुकलिनमधून आलेली इटालियन कुटुंबं मोठ्या संख्येने होती. इटालियन वंशाच्या लोकांचं प्रमाण देशात जिथे सर्वांत जास्त आहे, अशा जिल्ह्यांत आज स्टेटन आयलंड मोडतं. न्यूयॉर्कचे इटालियन नाहीसे झाले नाहीत, त्यांचा पत्ता बदलला.

ईस्ट हार्लेम: इथे बुलडोझर आला

शहरातली सर्वांत मोठी इटालियन वस्ती मलबेरी स्ट्रीट कधीच नव्हती. ती होती उत्तरेला, ईस्ट हार्लेममध्ये. १९३० च्या दशकात तिथे इटालियनांची संख्या लाखाच्या जवळ होती. ११५ व्या रस्त्यावरचं माउंट कार्मेलच्या मातेचं चर्च हे या वस्तीचं दैवत. दर जुलैत मातेच्या यात्रेला दुसऱ्या गावांहूनही माणसं लोटत. मिरवणुकीत बायका अनवाणी चालत, नवस फेडायला कुणी मेणाचे हात-पाय आणत. वस्तीने शहराला फियोरेल्लो ला गार्डिया हा खासदार दिला, जो पुढे महापौर झाला. त्याचा शिष्य व्हिटो मार्कान्टोनियो डाव्या विचारांचा खासदार म्हणून गाजला. इटालियन आणि पोर्तो रिकन, दोघेही त्याला मत देत.

गंमत अशी की वस्तीच्या मुळावर जे आलं ते तिच्याच माणसांनी मागितलं होतं. ला गार्डिया आणि मार्कान्टोनियो दोघांनी गरिबांसाठी सरकारी घरांचा जोरदार पुरस्कार केला. १९४१ मध्ये नदीकाठी ईस्ट रिव्हर हाउसेस उभी राहिली. महायुद्धानंतर मात्र एकामागून एक योजना आल्या. रस्तेच्या रस्ते सपाट करून उंच, एकसारख्या विटांच्या इमारती उभ्या राहिल्या. खालची दुकानं, बेकऱ्या, मंडळांच्या खोल्या, कोपऱ्यावरचा कॉफीचा अड्डा, हे सगळं टेनेमेंटबरोबर गेलं. नव्या इमारतींत घर मिळायला उत्पन्नाची कमाल मर्यादा होती. दोन मुलं कमावती झालेलं कुटुंब त्यात बसेना. थोडं वर आलेल्या माणसाला आपल्याच गल्लीत राहायची सोय राहिली नाही, म्हणून तो ब्राँक्सला किंवा क्वीन्सला गेला.

माउंट कार्मेलचं चर्च अजून तिथेच आहे. यात्रा भरते, पण जुलैत दर्शनाला येणाऱ्यांत हैतीहून आलेल्या भाविकांची गर्दी मोठी असते. मातेला नवे भक्त मिळाले. शेजारच्या ११४ व्या रस्त्यावर रावज नावाचं १८९६ पासूनचं छोटं रेस्टॉरंट आहे. त्यात दहाच टेबलं आणि तीही ठरलेल्या गिऱ्हाइकांची. त्याच्या नावाचा टोमॅटो सॉस मात्र अमेरिकेतल्या कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतो. २०२४ मध्ये हा ब्रँड हाती असलेली कंपनी कॅम्पबेलने २७० कोटी डॉलर मोजून घेतली. ईस्ट हार्लेममधून इटालियन गेले आणि त्यांच्या स्वयंपाकघराचं नाव देशभर विकायला निघालं.

कनाल स्ट्रीटपलीकडचे शेजारी

मलबेरी स्ट्रीटच्या भागावर बुलडोझरचं सावट होतं, पण तो आला नाही. शहराच्या बांधकामांचा सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेस याला ब्रूम स्ट्रीटवरून दहा पदरी महामार्ग न्यायचा होता. त्यात सुमारे दोन हजार कुटुंबं उठणार होती. ब्रूम स्ट्रीटवरच्या चर्चचे फादर जेरार्ड ला माउंटन यांनी लोकांना एकत्र केलं आणि नगररचनेवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांना मदतीला बोलावलं. १९६२ मध्ये योजना अडली आणि १९६९ मध्ये कायमची रद्द झाली. विजय मोठा होता. पण उद्या पडणार म्हणून ज्या इमारतीत वर्षानुवर्षं कुणी पैसा घातला नाही, तिची अवस्था कशी असेल, ते सांगायला नको. लढा जिंकला तोवर लढणाऱ्यांची मुलं स्टेटन आयलंडला पोचली होती.

१९६५ मध्ये नवा स्थलांतर कायदा आला आणि वंशावर बेतलेली कोट्याची पद्धत गेली. या कायद्याने इटलीतूनही पुन्हा माणसं आली. ती मलबेरी स्ट्रीटवर मात्र उतरली नाहीत, थेट ब्रुकलिनच्या बेन्सनहर्स्टमध्ये किंवा ब्राँक्समध्ये गेली, कारण नातेवाईक आता तिकडे होते. कनाल स्ट्रीटच्या दक्षिणेला चायनाटाऊन होतं. चिनी लोकांना तर १८८२ ते १९४३ पर्यंत कायद्यानेच मज्जाव होता, त्यामुळे ती वस्ती छोटी राहिली होती. १९६५ नंतर ती भराभर वाढली आणि कनाल स्ट्रीट ओलांडून आली. रिकाम्या खोल्या होत्या, म्हातारे मालक विकायला तयार होते, घेणारे रोख पैसे घेऊन उभे होते. याला आक्रमण म्हणणं अन्यायाचं आहे.

मॉट स्ट्रीटवरच्या ट्रान्सफिगरेशन चर्चमध्ये ही सगळी उलथापालथ एका जागी दिसते. १८०१ साली लूथरन पंथीयांनी ते बांधलं, १८५३ मध्ये ते आयरिश कॅथलिकांकडे आलं, मग इटालियनांकडे आणि आज तिथे इंग्रजीबरोबर कँटोनीज आणि मँडरिनमध्येही मिसा होतात. पाडलेल्या मलबेरी बेंडच्या जागी झालेल्या कोलंबस पार्कमध्ये चिनी आजोबा बुद्धिबळाचा डाव मांडतात.

दुकानं राहिली, घरं गेली

उरलेलं वाचवायला शहराने १९७७ मध्ये या भागाला खास नियोजन-क्षेत्राचा दर्जा दिला. इमारतींची उंची आणि रस्त्याचा तोंडवळा जपण्यावर भर होता. रस्ता जपला गेला, पण त्यावर राहणारे परत आले नाहीत. जे टिकलं ते विकण्याजोगं होतं. उत्तरेकडच्या रस्त्यांना दलालांनी १९९० च्या दशकात ‘नोलिटा’ हे नवं नाव दिलं आणि तिथे बुटीकं आली. सिसिलीच्या मजुरांच्या एलिझाबेथ स्ट्रीटवर चित्रपट दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी लहानाचा मोठा झाला. १९७४ मध्ये त्याने आपल्या आईवडिलांना समोर बसवून ‘इटालियनअमेरिकन’ हा माहितीपट केला. तेव्हा ही माणसं आपल्या गल्लीची गोष्ट आठवणीतून सांगू लागली होती.

ग्रँड स्ट्रीटवरची काही जुनी दुकानं अजून खरी आहेत. फेरारा ही मिठाईची पेढी १८९२ ची. दि पालो हे चीजचं दुकान त्याच घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. त्यांच्याच शेजारी, मलबेरीच्या कोपऱ्यावर, अलेव्हा डेअरी होती, तीही १८९२ पासूनची. काचेमागे ताजं मोझरेला, वर टांगलेल्या हॅमच्या मांड्या. मार्च २०२३ मध्ये ती बंद झाली. करोनाकाळात भाड्याची थकबाकी लाखो डॉलरांवर गेली होती. दुकान हलवायचं ठरलं ते न्यू जर्सीत, लिंडहर्स्ट नावाच्या उपनगरात. गिऱ्हाइकं ज्या वाटेने साठ वर्षांपूर्वी गेली, त्याच वाटेने दुकान गेलं.

ब्राँक्समधल्या आर्थर ॲव्हेन्यूची गोष्ट जरा वेगळी आहे. ला गार्डियाने हातगाडीवाल्यांसाठी १९४० मध्ये तिथे मंडई बांधली आणि ती चालू आहे. उपनगरांत गेलेली कुटुंबं पाव, सॉसेज, पास्ता घ्यायला गाडी काढून तिथे येतात. पण आसपास राहणारे आता मोठ्या प्रमाणावर अल्बेनियन, मेक्सिकन आणि पोर्तो रिकन आहेत, आणि काही इटालियन रेस्टॉरंटं अल्बेनियन कुटुंबंच चालवतात. भाडी मॅनहॅटनइतकी चढली नाहीत, म्हणून नवी माणसं तिथे येऊ शकली आणि बाजार जिता राहिला.

मलबेरी स्ट्रीटवरचे इटालियन गेले याचं फार दुःख करण्याचं कारण नाही. आजोबांनी ज्यासाठी समुद्र ओलांडला ते नातवंडांना मिळालं. गल्लीने गरिबाला आसरा दिला आणि सावरल्यावर त्याला जाऊ दिलं. काळजीची बाब दुसरी आहे. आयरिश गेले तेव्हा त्यांच्या जागी गरीब इटालियन आले. इटालियन गेले तेव्हा गरीब चिनी आले. आजच्या भाड्यात मात्र नुकत्याच उतरलेल्या कुठल्याही देशाच्या मजुराला तिथे खोली मिळत नाही. ऱ्हास म्हणायचाच असेल, तर तो याला म्हणावा.